दारच्या तळ्यातील वनस्पती आणि काचेचा हौद

मत्स्यालयाविषयीच्या पाश्चात्त्य ग्रंथांत जे नियम सांगितलेले असतात, त्यांत आरंभीच आढळणारा एक नियम असा की, बाहेरच्या तळ्यातील वनस्पती उष्ण पाण्याच्या हौदात लावू नयेत. कारण ज्या वनस्पतीला हिवाळ्यात बर्फाच्या थराखाली निद्रिस्त राहण्याची सवय जडलेली आहे, तिला बारमाही २५-२६ अंशांच्या पाण्यात ठेविले, तर ती विश्रांतीवाचून झिजते, पिवळी पडते आणि अखेरीस कुजून जाते. इंग्लंड-जर्मनीतील वाचकाला हा नियम तंतोतंत लागू आहे. परंतु उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, जेथे सुपारीच्या बागेतले तळे मुळातच उष्ण कटिबंधातले आहे आणि ज्या वनस्पती परदेशांत ‘उष्णदेशीय’ म्हणून दाम मोजून विकत घेतल्या जातात त्यांचे सगेसोयरे भातशेताच्या बांधाशी आपोआप उगवतात, तेथे हा नियम जसाच्या तसा उचलणे विवेकाचे नाही. येथे दारचे तळे आणि घरातला हौद यांमधील अंतर ऋतूचे आहे. तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविण्याच्या दीर्घ नोकरीत ही गोष्ट मला हळूहळू उमगत गेली, आणि तीच येथे तपशीलवार सांगावयाची आहे.

या मुलखाची थोडी ओळख आधी करून देणे इष्ट होईल. हा तालुका पूर्वी सुपा या नावाने दप्तरी नोंदला जात असे, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबई राज्यात होता. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने सुपा गाव गणेशगुडीच्या धरणाच्या जलाशयात बुडाले, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि तालुक्याचे नावही बदलले. तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावून सदाशिवगडापाशी समुद्राला मिळणारी काळी नदी, तिला येऊन मिळणारे असंख्य ओढे, जांभ्या दगडाचे सडे, त्यांच्या उतारावरची कुळागरे, म्हणजे सुपारीच्या बागा, आणि कुळागरांना पाणी पुरविणारी लहान लहान तळी, असा हा सारा पाण्याचाच प्रदेश आहे. या पाण्याकडे पूर्वीचे लोक भीतीने पाहत. कारण सुपा तालुक्याचा हिवताप सरकारी नोकरांत इतका कुप्रसिद्ध होता की, येथील बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरात चिंता पसरे. विसाव्या शतकाच्या चाळिशीत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार व धारवाड जिल्ह्यांत डी.डी.टी.ची फवारणी झाली आणि ती दहशत ओसरली. तरीही तळ्यातले शेवाळ म्हणजे डासांचे माहेर, ही समजूत वृद्धांच्या मनात अद्यापि आहे, आणि ती निराधार नाही. ज्या पाण्यात वनस्पती दाट आहेत पण मासे नाहीत, तेथे डासांच्या अळ्यांना आसरा मिळतोच.

शाळेत काचेचा हौद आला तो एका प्रयोगाच्या निमित्ताने. पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या ठेवून त्यांवर नरसाळे पालथे घालावयाचे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवावयाची, पात्र उन्हात ठेवावयाचे आणि नळीच्या टोकाशी जमणारा प्राणवायू मुलांना दाखवावयाचा, हा प्रयोग महाराष्ट्रात काय किंवा कर्नाटकात काय, विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुड्यांची माळ लक्षात येण्याइतकी जलद होते, कारण हायड्रिला सोड्यातील बायकार्बोनेटमधूनही आपला कर्ब मिळवू शकते. परंतु प्रयोगाची वेळ आली की हायड्रिला शोधत शेतोशेती धावावे लागे, आणि पावसाळ्याच्या ऐन भरात गढूळ तळ्यात ती सापडतच नसे. सबब वर्षभर ती हाताशी असावी म्हणून प्रयोगशाळेच्या पूर्वेकडील खिडकीपासून थोडा दूर, थेट ऊन न येईल अशा जागी, एक हौद मांडला गेला. पुढे त्यात मासे आले, मासे आले म्हणून आणखी वनस्पती आल्या, आणि प्रयोगापेक्षा हौदच मुलांच्या जिज्ञासेचा विषय होऊन बसला.

वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांच्या या सहवासाला मोठा इतिहास आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक निवेदन प्रसिद्ध केले. एका पात्रात त्यांनी सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती एकत्र ठेविली होती. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. मासा श्वासातून जे सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती जे सोडते त्यावर मासा जगतो, आणि दोघांमधील मळ तिसरा निस्तरतो, हा समतोल तेथे प्रथम प्रयोगाने सिद्ध झाला. पुढे तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. सुटीत मुंबईला गेलेला आमचा विद्यार्थी राणीचा बाग पाहून आला नाही तरी चालेल, पण तारापोरवाला पाहून आलाच पाहिजे, असा माझा आग्रह असे.

हौदाच्या तळाशी काय पसरावे, या प्रश्नाचे उत्तर येथे पायाखालीच आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगडिपुरम येथे पाहिलेल्या, ओला असता कुऱ्हाडीने तासता येणाऱ्या आणि वाऱ्यावर कठीण होणाऱ्या दगडाला १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात ‘लॅटराइट’ असे नाव दिले. तोच आपला जांभा. या जांभ्याच्या मातीत लोह विपुल असते आणि पोषकद्रव्ये धरून ठेवण्याचा गुणही असतो. होर्स्ट आणि किपर या जर्मन मत्स्यपालकांनी १९८० नंतरच्या दशकात मत्स्यालयाच्या वाळूखाली जांभ्याचा थर देण्याची पद्धत रूढ केली, आणि ती माती पाकिटांतून विकली जाऊ लागली. आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत जांभ्याची, मैदानाची माती जांभ्याची, आणि पावसाळ्यात मुलांच्या चपलांना लागून वर्गात येते तीही जांभ्याचीच. ती चाळून, धुऊन, बोटभर जाडीचा थर तळाशी देऊन त्यावर धुतलेली जाड वाळू दुप्पट पसरली, की मुळांना लोह मिळते आणि पाणी तांबडे होत नाही. येथील पाणी मृदू आहे, त्यात चुना अल्प. म्हणून गोगलगायींच्या शंखांवर पांढरे खड्डे पडतात, पण बहुसंख्य वनस्पतींना ते मानवते.

वनस्पती आणावयाच्या कोठून, हा प्रश्न मात्र केवळ सोयीचा नाही. कायद्याचा आणि सदसद्विवेकाचा आहे. तालुक्याचा फार मोठा भाग संरक्षित अरण्याच्या हद्दीत येतो. दांडेलीचे अभयारण्य १९५६ मध्ये जाहीर झाले, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये, दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये या हद्दीतून काडीही विनापरवाना उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ओढ्यातली वनस्पती ही कोणाची मालमत्ता नव्हे असे समजून ती उपटणारा माणूस त्या ओढ्यातल्या माशांच्या अंड्यांचे घरही उपटत असतो. म्हणून आमचा शिरस्ता असा की, मालकी हक्काच्या कुळागरातील तळे किंवा भातखाचर, मालकाची तोंडी अनुमती, आणि जेवढे हौदाला पुरेल तेवढेच. बहुधा मालक खूश असतो. तळ्याचा उपसा करताना तो जे बांधावर फेकून देणार असतो, तेच आपण मागत असतो.

अशाच एका कुळागरात क्रिप्टोकोरिनीचा माझा परिचय झाला. हिला मराठीत सर्वमान्य नाव नाही. लांब, अरुंद, कडेने किंचित नागमोडी पानांचा हा झुपका गवत समजून सहज दुर्लक्षिला जातो. परंतु ती गवत नव्हे, अळूच्या कुळातली आहे. ज्या जोयड्याला कुणबी शेतकऱ्यांचा कंदमेळा भरतो आणि मुडली नावाच्या मोठ्या कंदाची ख्याती आहे, तेथे हे नाते सांगावयास शिक्षकाला श्रम पडत नाहीत: अळूचा रस अंगाला लागला की खाज सुटते ती ज्या सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांमुळे, तेच स्फटिक या कुळातील वनस्पतींत सर्वत्र आढळतात. कुळागराचे वयोवृद्ध मालक, ज्यांना सारे गाव काका म्हणते, तळ्याच्या काठावर उभे राहून मला म्हणाले, “मास्तर, हे झाड पाण्यात वाढतं खरं, पण फुलायला त्याच्यावरचं पाणी उतरावं लागतं. पावसात तुम्हाला नुसती पानंच मिळायची.” वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात जे एका परिच्छेदात सांगितले असते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. सह्याद्रीतील क्रिप्टोकोरिनीच्या जाती पावसाळ्यात पूर्ण बुडून जातात, आणि पाणी ओसरून बुंधा उघडा पडला की कोरड्या दिवसांत फुलतात.

ते फूल जवळून पाहण्यासारखे आहे. जमिनीलगत एक निमुळती नळी वर येते, तिच्या टोकाशी गर्द जांभळट तांबडी पात पीळ घेते, आणि स्पायरॅलिस या जातीत त्या पातीवर आडव्या सुरकुत्यांच्या रांगा असतात. नळीच्या तळाशी एक फुगीर कोठडी असते. तिच्यात खाली स्त्रीपुष्पे आणि वर पुंपुष्पे. कुजकट वासाने भुललेली बारीक माशी नळीतून खाली उतरते, काही काळ कोठडीत अडकून राहते आणि परागांनी माखून बाहेर पडते. हे सारे बोटाएवढ्या उंचीत घडते. हौदात बारमाही बुडालेल्या झाडाला हा अवसर कधीच मिळत नाही. ते पानांवर पाने काढीत राहते, धुमारे सोडून वाळूभर पसरते, पण फुलत नाही. म्हणून एक-दोन झुपके मातीच्या कुंडीत लावून व्हरांड्यात ठेवावेत, पावसाळ्यात कुंडी पाण्याखाली आणि दिवाळीनंतर हळूहळू पाणी कमी, असा त्यांचा पहिला क्रम त्यांना परत द्यावा. असे फूल शाळेत उमलले त्या दिवशी मी शिकविण्याचा विषय बाजूला ठेविला आणि भिंगे वाटली.

हौदात नव्याने लावलेल्या क्रिप्टोकोरिनीची पाने पहिल्या काही आठवड्यांत काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. हौदाच्या मालकाचे मन येथे खचते आणि तो झाड उपटून फेकतो. तसे करू नये. पाण्याची जात, उजेड आणि ऊब बदलली की जुनी पाने ती टाकून देते. कंद टणक असेल तर तो हलवू नये, विरघळलेली पाने तेवढी काढावीत, आणि वाट पाहावी. नवी पाने हौदाच्या मापाने येतात व टिकतात. भातखाचरातील लिम्नोफिलाचेही असेच: पाण्याबाहेरची तिची पाने साधी, अखंड, पाण्याखाली गेली की ती गळतात आणि त्यांच्या जागी केसांसारखी बारीक चिरलेली पाने झुबक्यांनी फुटतात. एकाच खोडावर दोन्ही प्रकार पाहिलेला मुलगा पर्यावरणाशी जुळवून घेणे म्हणजे काय, हे पुस्तकाविना शिकतो.

वॉरिंग्टनच्या पात्रातील व्हॅलिस्नेरिया आपल्याही तळ्यांत आहे. फितीसारखी लांब पाने पाण्याच्या ओढीने एका दिशेला लवलेली दिसतात, तीच ही. उष्ण हौदासाठी एकच तळ्यातील वनस्पती निवडावयाची झाली, तर मी हिला प्रथम मान देईन. कारण ती ऋतूची विशेष पर्वा करीत नाही, थोड्या उजेडावर भागविते, हायड्रिलाप्रमाणेच बायकार्बोनेट वापरू शकते, आणि तिच्या विवाहाइतका विलक्षण सोहळा वनस्पतिसृष्टीत थोडाच असेल. हिची नर झाडे निराळी आणि मादी झाडे निराळी. नर झाडाच्या बुडाशी असलेल्या पिशवीतून मोहरीहूनही लहान कळ्या सुटतात, पाण्यावर येऊन उमलतात आणि वाऱ्याबरोबर तरंगू लागतात. मादी फूल लांब देठावर चढून पृष्ठभागाला किंचित खळगा पाडून बसलेले असते, त्या खळग्यात ते तरंगते पुंपुष्प घसरून पडते, आणि फलन झाले की देठ कमानीच्या तारेसारखा गुंडाळत फळाला तळाशी ओढून नेतो. आता, एकाच तळ्यातून आणलेले एक रोप धुमाऱ्यांनी कितीही पसरले, तरी ती सारी एकाच लिंगाची असतात. म्हणून दोन वेगळ्या तळ्यांतून रोपे आणल्यावरच हा सोहळा आमच्या हौदात दिसला. एका मुलीने भिंगातून पाहून विचारले, “सर, हे पांढरे कण धूळ आहेत का?” तिचा तो प्रश्न वर्षभराच्या माझ्या व्याख्यानांहून मोलाचा होता.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. कमळ हौदात लावण्याचा हट्ट कोणी धरू नये. त्याला खोल चिखल, प्रखर ऊन आणि विस्तीर्ण पाणी लागते. कुमुदाचा लहान कंद लावता येतो, पण तरंगती पाने वरचेवर खुडावी लागतात, नाहीतर खाली अंधार होतो. सड्यावरील गेंद वर्षायू आहेत, पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर संपतात. त्यांना काचेत कोंडणे हा केवळ जीवनाश. अपोनोजेटॉनचा कंद काही महिने सुंदर लाटदार पाने देतो आणि मग अकस्मात थांबतो. तो मेलेला नसतो, त्याच्या तळ्यात त्या वेळी उन्हाळा असतो, आणि ओलसर वाळूत त्याला विसावा दिला तर तो पुन्हा उठतो. याच गणातील वायतुरा १९८२ मध्ये शास्त्रीय नावाने नोंदला गेला, कासचे पठार असलेल्या सातारा जिल्ह्यावरून त्याला ‘सातारेन्सिस’ म्हणतात. तो पाहावयाचा असेल तर त्याच्या पठारावर जाऊनच पाहावा.

तळ्यातील वनस्पतीबरोबर तळ्यातील रहिवासीही येतात. चतुराचे डिंभक दिसावयास निरुपद्रवी, पण त्याचा घडीचा खालचा जबडा क्षणार्धात पुढे झेपावतो आणि माशाचे पिल्लू पकडतो. जळवा येतात, गोगलगायींची पारदर्शक अंडी पानांच्या खालच्या बाजूला चिकटून येतात, आणि कधी नाजूक धाग्यांच्या रूपाने युट्रिक्युलेरियाही येते, जिच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या फुग्यांचे दार सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून पाण्यातला सूक्ष्म जीव आत ओढून घेते; नुकतेच जन्मलेले पिल्लूही त्यात सापडू शकते. म्हणून आणलेली प्रत्येक वनस्पती वाहत्या पाण्यात पान न् पान धुवावी, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवावी, मग साध्या पाण्याच्या बादलीत, सावलीत, तीन-चार आठवडे निराळी ठेवावी, आणि रोज पाहावी. ही बादली हौदाइतकीच मनोरंजक असते. आमची मुले तिच्यात डोकावल्याशिवाय वर्गात जात नसत.

आषाढातील अंधारे दिवस ही येथील खरी परीक्षा. आठवडाच्या आठवडा ऊन पडत नाही, वीज जाते, आणि उजेड नसताना वनस्पती प्राणवायू देण्याऐवजी घेत असते; पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडे करून येतात ते यामुळे. त्या दिवसांत वनस्पतींचा गर्दा कमी करावा, माशांना खाद्य अल्प द्यावे, आणि वीज असेल तेव्हा आठ तासांचा नियमित दिवा द्यावा. अधिक दिला तर शेवाळ माजते. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचे तळे गार असते. तेथून थेट २६ अंशांच्या हौदात रोप टाकू नये, बादलीतच त्याला दोन-चार दिवस ऊब चढू द्यावी.

आता उरली ती सर्वांत महत्त्वाची बाजू. आपण तळ्यातून घरात आणण्याचा जेवढा विचार करतो, तेवढा घरातून तळ्यात काय जाते याचा करीत नाही. हायड्रिला आपल्याकडे शाळकरी मुलाच्या नरसाळ्याखालची निरुपद्रवी वनस्पती. पण मत्स्यालयाच्या व्यापारातून ती १९५० नंतरच्या दशकात फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील नद्या-सरोवरे तिने गुदमरवून टाकिली. आपल्याकडील हायग्रोफिला पॉलिस्पर्माची गतही तेथे तीच झाली. उलट दिशेने ब्राझीलची साल्व्हिनिया केरळच्या कालव्यांत शिरली, आणि तिच्यावर जगणारा भुंगेरा मुद्दाम आणून सोडावा लागला. जलपर्णीची कथा तर महाराष्ट्रात प्रत्येक गावाला पाठ आहे. मासेही याला अपवाद नाहीत: हिवताप खात्याने विहिरींत सोडलेला गप्पी आज कित्येक ओढ्यांत देशी माशांच्या पिलांवर जगतो. गोवा आणि कर्नाटकातील ओढ्यांतला सेटनाचा बार्ब हा सुंदर मासा, ज्याला छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये शास्त्रीय नाव दिले, तो अशाच लहानशा पाण्यात राहतो, आणि त्याला दुसरे घर नाही.

सबब, ज्यांच्या घरी मत्स्यालय आहे, त्यांना माझी विनंती आहे की, हौदाचे पाणी गटारात किंवा ओढ्यात न ओतता झाडांच्या आळ्यात ओतावे. छाटलेल्या फांद्या आणि नको झालेली रोपे फरशीवर पूर्ण वाळवून मगच खतात टाकावीत. आणि विकत आणलेली कोणतीही वनस्पती, मग ती कितीही देखणी असो, काळी नदीला मिळणाऱ्या कोणत्याही पाण्यात सोडू नये. आमच्या शाळेत ही छाटणी मुडलीच्या वाफ्यात जाते.